सव्विसावी चाल

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं वाचनालय. सतरंजीवर बुद्धिबळाचे रेक्झिनचे पट, भोवती मुलं.)

कपाशीची वेचणी जोरात असली तरी संध्याकाळी इथे चार पट मांडले जातात. आज चारही पटांवर एकच डाव आहे.

मांडणी अशी. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी पट्टी, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; आकडा म्हणजे आडवी ओळ, पांढऱ्याकडून १ ते ८.) पांढऱ्याचा राजा सी१ वर, हत्ती जी४ आणि एच५ वर, उंट सी२ आणि ई३ वर. प्यादी ए२, सी३, सी४, ई५, एफ२, जी२. काळ्याचा राजा बी७ वर, हत्ती जी८ आणि एच८ वर, उंट सी६ वर, घोडा जी६ वर. प्यादी ए५, बी६, सी५, ई६, एफ७, एच६. दोन्ही वजीर नवव्या चालीतच मारले गेले आहेत.

हा डाव १५ नोव्हेंबर २०१४ चा. रशियातल्या सोचीत जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा. पांढरी मोहरी मॅग्नस कार्लसनकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे. पाच डावांनंतर गुण अडीच-अडीच. या डावात काळ्याची बाजू अवघडलेली होती. एच६ चं प्यादं सांभाळायला एक हत्ती कोपऱ्यात अडकलेला, आणि जी६ चा घोडा जी पट्टी अडवून बसलेला.

सव्विसाव्या चालीला कार्लसनने राजा सी१ वरून डी२ वर आणला.

(दृश्य: एक मुलगी राजा उचलून डी२ वर ठेवते.)

इथे काळ्याला मोठी संधी होती. घोड्याने ई५ चं प्यादं मारायचं. त्या प्याद्याला एच५ च्या हत्तीचा जोर आहे, म्हणजे ते मारणाऱ्याला हत्ती मारेल, म्हणून ही चाल मनात येत नाही. पण घोडा जी पट्टीतून हलला की जी८ चा हत्ती थेट जी४ च्या हत्तीवर येतो. पांढऱ्याने ई५ वर घोडा मारला, तर काळा जी४ वर हत्ती मारतो. पांढऱ्याने उलट जी८ चा हत्ती मारला, तर घाई करायची नाही. हत्तीने लगेच परत मारलं तर ई५ चा घोडा फुकट जातो. आधी घोड्याने सी४ चं प्यादं मारायचं, राजाला शह. राजा डी३ वर येऊन घोड्यावर चालून आला, तर घोडा बी२ वर, पुन्हा शह. राजा हलला की मग एच८ च्या हत्तीने जी८ वर मारायचं.

हिशेब करा. हत्तीला हत्ती गेला आणि काळ्याला दोन प्यादी वर मिळाली. शिवाय जी२ च्या प्याद्यावर आता हत्ती आणि उंट दोघांचा रोख. या पातळीवर एवढ्यात डाव जिंकता येतो.

सगळी करामत शहावर उभी आहे. राजा सी१ वरच असता, तर सी४ वर घोडा गेल्याने शह बसला नसता आणि पांढऱ्याने एच८ चा दुसरा हत्तीही मारला असता. म्हणजे एक चाल आधी जे फसत होतं, ते राजा डी२ वर येताच जमू लागलं.

आनंदने ए५ चं प्यादं ए४ वर सरकवलं. कार्लसनला आपली चूक चाल केल्यावर लगेच दिसली होती. आनंदला ती दिसली ए४ खेळून झाल्यावर. अडतिसाव्या चालीला आनंदने डाव सोडला. लढत कार्लसनने साडेसहा विरुद्ध साडेचार अशी जिंकली.

पाच वेळा जगज्जेता झालेल्या खेळाडूला हे दिसू नये? वेळेची ओढाताण नव्हती. चाळीस चालींना दोन तास होते. आमच्या मते कारण बचावात आहे. तासन् तास समोरच्याचे धोके मोजणारा माणूस समोरच्याची प्रत्येक चाल धोका म्हणूनच वाचतो. राजाची एक घर सरकणारी चाल निरुपद्रवी वाटते, आणि ई५ ला जोर आहे ही खूणगाठ तर आधीच पक्की झालेली असते.

म्हणून हा डाव शिकवायची पद्धत महत्त्वाची. ‘काळा जिंकतो, शोधा’ असं सांगितलं की सराव असलेली पोरं घोड्याची चाल पटकन काढतात. त्यातून फार काही हाती लागत नाही, कारण स्पर्धेत तसं सांगायला कोणी नसतं. इथे जोडीने स्थिती देतात. आधी राजा सी१ वर ठेवून ‘काळ्याची चाल, काय खेळाल?’ एवढंच विचारतात. ई५ मारणं का फसतं, ते मुलांनी स्वतः खेळून दाखवायचं. मग मध्ये दोन-तीन वेगळे डाव, आणि नंतर काहीच न बोलता हीच मांडणी, राजा डी२ वर. ‘सर, हे तं आत्ताच पायलं, घोडा मारत नाही,’ म्हणणारा एक तरी निघतो. त्याला उत्तर द्यायचं नाही. राजाकडे बोट दाखवून विचारायचं, आता इथून शह बसतो का?

समोरच्याने चाल केली की तीन गोष्टी बघायची सवय लावतात: त्याचं मोहरं कोणतं घर सोडून गेलं, कोणत्या नव्या घरात आलं, आणि आता आपले शह कोणते. शह सगळे मोजायचे, वेडगळ वाटले तरी. मारामारीच्या चाली त्यानंतर. या डावात पहिली चाल शहाची नाही, मारण्याची आहे, त्यामुळे एका चालीवर थांबून भागत नाही. मारल्यानंतरचे शहही बघावे लागतात. मुलं इथेच अडखळतात. डी२ वरच्या राजाला कोणत्या घरांतून घोड्याचा शह बसतो, ती घरं आधी बोटाने दाखवायला लावली की सी४ आपोआप सापडतं.

पूर्वी चाल आधी कागदावर लिहून, पुन्हा तपासून मग खेळायची पद्धत होती. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या आताच्या नियमांत तशी मुभा नाही. चाल आधी पटावर, मग कागदावर. त्यामुळे ही तपासणी मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी मनातच उरकावी लागते. इथली मुलं तोवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात.