पाट्याची नोंद

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय गोव्यातल्या शाळांचं सरकारी अनुदान. अनुदान म्हणजे मुख्यतः पगार. पुन्हा सांगतो, पगार! खाजगी संस्थेची शाळा असली तरी मास्तरांचा पगार सरकार देतं. देखभालीचे थोडे पैसे येतात, ते कौलं नि वीजबिलातच विरघळतात. 1990 साली ठरलं, प्राथमिकला अनुदान मराठी-कोकणी माध्यमालाच. 2011 साली इंग्रजीलाही दिलं. केवढी आंदोलनं झाली! माध्यमावरून भांडणाऱ्यांनी एकदा पावसात शाळेच्या छपराखाली बसून बघावं, एवढंच म्हणतो.

मी डिचोलीकडच्या अशाच एका अनुदानित शाळेत कारकून होतो. शाळेला घंटा नव्हती. एका पालकानं खाणीवरच्या आपल्या ट्रकाच्या स्प्रिंगचा मोडका लोखंडी पाटा आणून दिला. आंब्याला टांगला. प्यून पान्यानं ठोकायचा, आवाज पार वाड्यावर जायचा.

तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडलं. "घंटा ऐकली मी. नोंद कुठाय?"

"देणगी आहे," हेडसर म्हणाले.

"किंमत?"

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं, मी प्यूनकडे. प्यून म्हणाला, "भंगारात किलोवर जातो, साहेब."

झालं! रेशन दुकानातून काटा आणला, पाटा उतरवला, तोलला. 11 किलो. इकडे मधल्या सुट्टीची वेळ टळून गेली, कारण घंटा काट्यावर! पोरं बचतगटानं दुपारच्या आहाराला आणलेल्या भाजीपावाच्या वासानं चुळबुळतायत. (मला विचाराल तर पोरांना पाव नको, गरम पेज द्यावी. पण आम्हाला विचारतो कोण?)

तर नोंद झाली. नोंद झाली हे लक्षात ठेवा.

2012 साली खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहून गंजले. तोच पालक एका दुपारी शाळेत आला, खुर्ची दिली तरी बसेना. "सर, ट्रक भंगारात काढतोय. तो पाटो परत मेळटलो?" म्हणजे, परत मिळेल का?

हेडसरांचा घसा दाटला. द्यायचा होता हो त्यांना! पण रजिस्टरात चढलेली वस्तू खात्याच्या मंजुरीवाचून खाली उतरत नाही. त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला. आवक नंबर मीच टाकला.

मी निवृत्त झालो तेव्हा पाटा आंब्यालाच होता.