टांगाइल, ११ डिसेंबर १९७१: दुसऱ्या पॅरा पलटणीची उडी आणि पुंगली पूल

[कॅमेऱ्याकडे पाहून]

पॅराट्रूपर म्हटलं की आकाशात उमललेल्या छत्र्यांचा फोटो डोळ्यांपुढे येतो. पण छत्री हे फक्त रणांगणावर पोहोचायचं वाहन आहे. ती एक-सव्वा मिनिटात जवानाला जमिनीवर सोडते, आणि त्याची खरी कामगिरी तिथून पुढे सुरू होते. हे समजून घ्यायला १९७१ च्या भारत-पाक युद्धात आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला झालेल्या उडीसारखं उदाहरण नाही. शिवाय ही कामगिरी आपल्या फार जवळची आहे, कारण तिथं उतरलेली पलटण होती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, मराठा.

ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९४८ च्या मार्चमध्ये जम्मू भागातलं झांगड परत घेतलं गेलं, तेव्हा ती ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये लढली. १५ एप्रिल १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली ती तीन जुन्या पलटणींवर: पंजाब, मराठा आणि कुमाऊँ. त्यातली मराठ्यांची ती २ पॅरा.

[नकाशा: जमालपूर, मयमनसिंग, टांगाइल, ढाका]

आता नकाशा बघा. वर जमालपूर आणि मयमनसिंग, खाली ढाका. उत्तरेकडून आपली ९५ माउंटन ब्रिगेड खाली येत होती. तिच्यासमोर पाकिस्तानची ९३ ब्रिगेड होती. १० आणि ११ डिसेंबरच्या सुमाराला ही ब्रिगेड ढाक्याकडे मागे सरकू लागली. ती ढाक्यात पोहोचली असती, तर शहराच्या बचावाला तेवढी फौज आणखी मिळाली असती. जमालपूरहून टांगाइलमार्गे ढाक्याला जाणारा रस्ता लोहाजंग नदी ओलांडतो तो पुंगली पुलावर. २ पॅराला हुकूम मिळाला: पूल घ्या, रस्ता तोडा आणि उत्तरेकडून आपलं सैन्य येईपर्यंत धरून ठेवा.

तयारी जमिनीवर आधीच सुरू झाली होती. ५० पॅरा ब्रिगेडचे कॅप्टन पी. के. घोष लढाईपूर्वीच त्या भागात शिरले होते. टांगाइल आणि मधुपूरच्या जंगलपट्ट्यात कादर सिद्दिकी यांच्या मुक्तियोद्ध्यांचा, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांचा, मोठा वावर होता. त्यांच्या मदतीनं घोष यांनी उतरायच्या जागेची, म्हणजे ड्रॉप झोनची, व्यवस्था केली. हे काम किती मोलाचं, ते उडीचं गणित मांडलं की कळतं.

डकोटासारखं विमान जवान सोडताना ताशी साधारण १८० किलोमीटर वेगानं जातं, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. एका दारातून सेकंदाला एक याप्रमाणे वीस जवान बाहेर पडले, तर पहिला आणि विसावा यांच्यात जमिनीवर जवळजवळ एक किलोमीटरचं अंतर पडतं. एका फेरीत उडी मारणाऱ्या या रांगेला स्टिक म्हणतात. दारात कोणी दोन सेकंद अडखळला, तर मागचे सगळे शंभर मीटर पुढे जातात. त्यात वारा. सव्वा मिनिट हवेत असताना सेकंदाला ५ मीटरचा वारा जवानाला साडेतीनशे मीटरच्या पुढे ढकलतो. म्हणून ड्रॉप झोन नुसता मोकळा असून भागत नाही. तो लांबट हवा, विमानाच्या वाटेशी जुळणारा हवा, आणि आजूबाजूला पाणी, झाडं, तारा कमीत कमी हव्यात. बांगलादेशात तर पावलापावलावर तळी.

[स्टॅटिक लाइनचं रेखाचित्र]

आता विमानाच्या आत. अशा उडीत जवान स्वतः छत्री उघडत नाही. छत्रीच्या पिशवीला जोडलेला लांब पट्टा, म्हणजे स्टॅटिक लाइन, विमानातल्या पोलादी तारेला हुकानं अडकवतात. जवान बाहेर पडला की त्याच्याच वजनानं पट्टा ताणला जातो, पिशवी निघते आणि छत्री उघडते. म्हणून 'हुक अप'नंतर प्रत्येक जण आपला हुक तपासतो आणि पुढच्याच्या पाठीवरचा पट्टाही तपासतो. पट्टा काखेतून गेला असेल, तर बाहेर पडताना हात मोडू शकतो. लाल दिवा म्हणजे दाराशी तयार. हिरवा दिवा म्हणजे जा. बाहेर पडताना पाय जुळलेले, हनुवटी छातीला, हात रिझर्व्ह, म्हणजे राखीव, छत्रीवर. अंग सैल राहिलं तर विमानामागच्या वाऱ्यात जवान गिरक्या घेतो आणि दोऱ्यांना पीळ पडतो.

मग तीन-चार सेकंद मोजायचे आणि वर बघायचं. छत्री गोल उघडली आहे ना? पीळ असेल तर रायझर, म्हणजे खांद्यावरचे पट्टे, हातांनी फाकवायचे आणि पाय झाडत पीळ सोडवायचा. एखादी दोरी छत्रीवरून गेली आणि छत्रीचे दोन फुगे झाले, तर वेग वाढतो. तेव्हा रिझर्व्ह उघडायची. दुसऱ्याच्या छत्रीच्या बरोबर वर कधी राहायचं नाही, कारण खालची छत्री वरच्या छत्रीची हवा खाते आणि वरची मिटते. सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे पट्टा विमानालाच अडकून जवान मागे लोंबकळत राहणं. शक्य असेल तर त्याला ओढून आत घेतात. नाही तर पट्टा कापतात, आणि तो रिझर्व्हनं उतरतो. हे सगळं प्रशिक्षण आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये होतं. छातीवर पॅराट्रूपरचा पंखांचा बिल्ला लागायला पाच उड्या लागतात, त्यातली एक रात्रीची.

जमिनीला टेकताना वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो. हिशेब केला तर हा सहा फुटांच्या भिंतीवरून मारलेल्या उडीइतका धक्का, तोही वाऱ्यात, अंगावर हार्नेस, म्हणजे छत्रीचे पट्टे, असताना. म्हणून पाय आणि गुडघे घट्ट जुळवून, किंचित वाकवून ठेवायचे आणि धक्का क्रमानं अंगभर पसरवायचा: तळवे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू. पाय फाकले तर सगळा भार एकाच घोट्यावर येतो. हात टेकवला तर मनगट किंवा गळपट्टीचं हाड जातं. जमीन जवळ आली की ती अंगावर धावून येते असं वाटतं आणि पाय आपोआप लांब होतात. ही सवय मोडण्यासाठीच जमिनीवर पुन्हा पुन्हा गडगडायला लावतात. हत्यार आणि सामानाची पिशवी उतरण्याआधी दोरीनं खाली सोडतात. ती आधी टेकते आणि तेवढा भार पायांवरून कमी होतो. टेकल्यावर वारा असेल तर छत्री जवानाला फरफटत नेते. ती ताबडतोब पाडावी लागते.

[नकाशा: पुंगली पूल]

कलाईकुंडा आणि दमदम इथून उडालेल्या अँतोनोव्ह-१२, पॅकेट, डकोटा आणि कॅरिबू विमानांतून सुमारे सातशे जवान टांगाइलला उतरले. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू. तोफा, जीप, दारूगोळाही छत्र्यांनीच खाली आला. दिवस मावळत आला होता. अशा उजेडात पांगलेले जवान आपापल्या कंपनीच्या, म्हणजे पलटणीतल्या तुकडीच्या, ठिकाणी गोळा करणं हेच पहिलं मोठं काम असतं, कारण एकटा जवान म्हणजे एक रायफल आणि कंपनी म्हणजे मोर्चा. इथं गावकरी धावून आले. सामान शोधायला आणि दारूगोळा वाहायला त्यांनी हात लावला. या कामगिरीचं श्रेय देताना त्या गावांचं नाव आलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच रात्री पूल २ पॅराच्या ताब्यात आला. माघार घेणाऱ्या फौजेच्या काही तुकड्या आधीच पार झाल्या होत्या, हेही सांगायला हवं. त्यानं कामगिरी छोटी होत नाही. मागून येणाऱ्या तुकड्यांना पुढे पाकिस्तानीच सैनिक असतील असं वाटत होतं, आणि त्या अंधारात पॅराच्या माऱ्यात सापडल्या. वाट मोकळी करण्यासाठी शत्रूचे हल्ले झाले, ते परतवले गेले. विचार करा: चहूबाजूंनी शत्रूचा मुलूख, पाठीशी रस्ता नाही, दारूगोळा आहे तेवढाच, आणि जखमींना मागे पाठवायची सोय नाही. पॅराट्रूपरचं काम ते हे.

उत्तरेला जमालपूरच्या मागे रस्ता अडवून बसली होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, कमांडर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. जमालपूर पडल्यावर ती खाली सरकली, आणि १२ डिसेंबरच्या संध्याकाळी पुंगलीवर पोहोचली. पूल धरणारे मराठे आणि त्यांना येऊन मिळणारेही मराठे.

दरम्यान परदेशी बातम्यांत ५,००० पॅराट्रूपर उतरल्याचं आलं. सोबत वाटला गेलेला फोटो आधीच्या एका सरावाचा होता. प्रत्यक्षातल्या सातशेंचा आकडा ढाक्यात सातपटीनं मोठा होऊन पोहोचला. १६ डिसेंबरच्या सकाळी २ पॅराचे जवान ढाक्याच्या वेशीवरच्या मीरपूर पुलाशी होते, आणि ढाक्यात पहिल्यांदा शिरलेल्या भारतीय तुकड्यांत ही पलटण होती. पन्नू यांना महावीर चक्र मिळालं, पलटणीला 'पुंगली ब्रिज' हा युद्धसन्मान मिळाला. आज ती पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये आहे.

[पुन्हा कॅमेऱ्याकडे]

त्या वेळी विशीत असलेले जवान आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या गावात त्यांच्यापैकी कोणी असतील, तर आत्ता त्यांच्याशी बोला आणि आवाज रेकॉर्ड करा. सुरुवात 'भीती वाटली का?' या प्रश्नानं करू नका, त्याचं उत्तर ठरलेलं येतं. कंपनी कोणती, विमान कोणतं, स्टिकमध्ये नंबर कितवा, पडलात कुठे, सामानाचा कंटेनर सापडला का, कंपनी गाठायला किती वेळ लागला, पुलावर मोर्चा कोणत्या तोंडाला होता, हे विचारा. तपशील विचारला की आठवणी आपोआप येतात. जुने फोटो असतील तर मागच्या बाजूचं लिखाणही स्कॅन करा. जे परत आले नाहीत त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. कोणाच्या घरी वीरपत्नीच्या पेन्शनची किंवा कागदपत्रांची अडचण असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जाताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत सोबत ठेवा.