धान्याच्या कोठाराखालचं सरकार

(दृश्य: पांढरं शेत, त्यात एक लाकडी कोठार)

लिथुएनियातलं मिनाइचाय गाव. फेब्रुवारी 1949. कोठाराच्या जमिनीखाली खणलेल्या खोलीत आठ माणसं दाटीवाटीने बसली आहेत. समोर एक कागद. 16 फेब्रुवारीला त्यावर आठ सह्या झाल्या. तारीख मुद्दाम निवडलेली, कारण 1918 साली याच दिवशी लिथुएनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. कागदावर लिहिलं होतं की देश सोव्हिएत फौजांच्या ताब्यात असला, तरी देशातली सर्वोच्च सत्ता या लढणाऱ्यांच्या परिषदेची आहे.

परिषदेचे प्रमुख होते योनास झेमायतिस. मूळचे तोफखान्याचे कॅप्टन. आता हाताशी तोफ एकही नाही.

(दृश्य: गणवेशातलं तरुणपणीचं छायाचित्र)

जन्म 1909, समुद्रकाठचं पालांगा. कौनासच्या लष्करी शाळेतून 1929 मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडले. पुढे फ्रान्समध्ये फॉन्तेनब्लोच्या तोफखाना शाळेत दोन वर्षं काढली आणि 1938 मध्ये परतले. सरळ रेषेत चाललेली नोकरी. 1940 मध्ये सोव्हिएत संघाने देशच गिळला आणि लिथुएनियाची सेना लाल सेनेत ओतली गेली. जून 1941 मध्ये जर्मन हल्ला होताच झेमायतिस यांनी ती फौज सोडली. 1944 मध्ये लिथुएनियन जनरल प्लेखाविचुस यांच्या दलात दाखल झाले. हे दल जर्मनांच्या परवानगीने उभं राहिलं आणि त्यांचं ऐकेना म्हणून जर्मनांनीच ते काही महिन्यांत मोडलं.

मग रशियन परत आले. 1945 मध्ये झेमायतिस जंगलात गेले.

(दृश्य: दाट पाइनचं रान)

लोक या लढवय्यांना वनबंधू म्हणत. नावावरून मोकाट टोळी वाटते, पण झेमायतिस यांना टोळी चालवायचीच नव्हती. शपथ हवी, हुद्दे हवेत, गणवेश हवा, लेखी आदेश हवेत. विखुरलेले जिल्हे एका छत्राखाली आणण्यात त्यांची वर्षं गेली. टोपणनावं तर किती! दारियस, मॉकस, तिलियस, शेवटी व्हितौतस.

त्या आठांपैकी चौघे 1949 संपेपर्यंत मारले गेले.

डिसेंबर 1951 मध्ये झेमायतिस यांना अर्धांगवायूचा झटका आला. जंगलात जमिनीखाली खणलेल्या भुयारात, ना डॉक्टर ना उजेड, साथीदारांनी त्यांना महिनोन्‌महिने सांभाळलं. 30 मे 1953 रोजी फितुरीने शिमकाइचायच्या जंगलातली ती जागा कळली. आत गुंगीचा वायू सोडून त्यांना जिवंत धरलं. मेलेला सेनापती सोव्हिएतांच्या कामाचा नव्हता.

(दृश्य: मॉस्को, तुरुंगाची भिंत)

मॉस्कोत त्यांना थेट लाव्रेन्ती बेरियासमोर उभं केलं. बेरिया म्हणजे गुप्त पोलिसांचा सर्वेसर्वा. पण जूनच्या त्या दिवसांत त्याचीच खुर्ची डळमळत होती. 26 जूनला बेरियालाच अटक झाली, आणि झेमायतिस यांची चौकशी दुसऱ्यांच्या हाती गेली.

26 नोव्हेंबर 1954. बुतिर्का तुरुंग. गोळी घालून शिक्षेची अंमलबजावणी.

(दृश्य: विल्न्युसमधली लष्करी अकादमी, संचलन करणारे छात्र)

2009 मध्ये लिथुएनियाच्या संसदेने ठरवलं की 1949 पासून मृत्यूपर्यंत देशाचे प्रमुख योनास झेमायतिस हेच होते. विल्न्युसच्या या अकादमीला त्यांचं नाव आहे. इथला प्रत्येक छात्र आज लेफ्टनंट होऊनच बाहेर पडतो, 1929 मध्ये ते पडले होते तसाच.