हायलंड पार्कमध्ये बंदी होती, तरीही ती बंदूक तिथे पोचली

नमस्कार मंडळी. 4 जुलै 2022. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, शिकागोजवळचं हायलंड पार्क. सकाळी मिरवणूक निघाली होती. गोळीबारानंतरचे फोटो मला विसरता येत नाहीत. फुटपाथवर घडीच्या खुर्च्या तशाच मांडलेल्या, बाबागाड्या जागच्या जागी, आणि माणूस एकही नाही. छपरावरून गोळ्या झाडल्या गेल्या. 7 माणसं गेली. दोन वर्षांच्या एका मुलाचे आई आणि बाबा, दोघंही गेले.

आता नीट ऐका. या गावात एआर-15 सारख्या, लष्करी धाटणीच्या रायफलींवर 2013 पासूनच बंदी होती. कोर्टातही ती टिकली होती. पण बंदी गावापुरती! हल्लेखोरानं ती रायफल इलिनॉय राज्यातच, अगदी कायदेशीर मार्गानं विकत घेतली होती.

म्हणून 10 जानेवारी 2023 ला गव्हर्नर प्रित्झकर यांनी सगळ्या राज्यासाठी कायदा केला. एआर-15 सारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची विक्री बंद. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तर चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते. ज्यांच्याकडे अशी बंदूक आधीच होती, त्यांच्याकडून ती काढून घेतली नाही. राज्य पोलिसांकडे नोंद करा, एवढंच सांगितलं.

मला विचाराल तर या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं कलम मॅगझिनचं आहे. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरलेला डबा, रायफलीला खालून खटकन बसतो. नव्या कायद्यात रायफलीच्या मॅगझिनला 10 गोळ्यांची मर्यादा आहे, पिस्तुलाच्या 15. त्या दिवशी 83 गोळ्या सुटल्या, तीस-तीसच्या मॅगझिनांतून. म्हणजे डबा बदलायला हल्लेखोर दोनदाच थांबला. दहाच्या मॅगझिननं आठ वेळा थांबावं लागलं असतं. त्या आठ थांब्यांत कितीजण पळाले असते, भिंतीआड गेले असते! 2011 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला हेच झालं. हल्लेखोर मॅगझिन बदलायला गेला, तेव्हा एका बाईनं नवं मॅगझिन हिसकावलं आणि लोकांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं.

विरोध करणारे राज्यघटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीकडे, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काकडे बोट दाखवतात. 2022 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं त्यांना बळ दिलं. बंदूक कायदा देशाच्या जुन्या परंपरेत बसला पाहिजे, असं कोर्ट म्हणालं. नोव्हेंबर 2024 मध्ये एका फेडरल न्यायाधीशानं इलिनॉयचा कायदा घटनाबाह्य ठरवला. वरच्या कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून कायदा लागू राहिला.

देशभराची बंदीही होती. 1994 ला आली, दहा वर्षांची मुदत संपली आणि 2004 मध्ये गेली. तेव्हापासून जो तो आपापल्या राज्यापुरतं बघतो. शिकागोच्या उपनगरांत आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, त्यांना हे नकाशा न बघता कळतं. शहराच्या दक्षिण टोकाला रस्ता ओलांडला की शेजारचं इंडियाना राज्य. तिथे इलिनॉयसारखी बंदी नाही.