मिलने नाकारलेले हक्क

(पडद्यावर: शाईने लिहिलेला कागद, खाली सही आणि तारीख)

6 मार्च 1851. लग्नाला दीड महिना आहे आणि 44 वर्षांचा नवरदेव कागदावर निषेध नोंदवून ठेवतोय. ज्या कायद्याखाली तो बोहल्यावर चढणार आहे, त्याच कायद्याचा निषेध.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न लागलं की बायकोची मिळकत आणि तिची कमाई नवऱ्याची. तिच्या वागण्याजाण्यावरही त्याचीच हुकमत. नवरदेव लिहितो, हे अधिकार मला नकोत. पण ते सोडून देण्याची सोय कायद्यात नाही. म्हणून वचन देतो, की कोणत्याही परिस्थितीत मी ते वापरणार नाही. जणू लग्न झालंच नाही, इतकी ती मोकळी राहील.

नवरदेव जॉन स्टुअर्ट मिल, इंग्रज तत्त्वज्ञ. वधू हॅरिएट टेलर, तीन मुलांची आई, पहिला नवरा जाऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. आणि या दोघांची ओळख? 1830 पासूनची.

तेव्हा दोघंही विशीत होते. हॅरिएटचं लग्न झालेलं होतं, पदरात मुलं होती. तिचा नवरा जॉन टेलर औषधांचा व्यापारी, सुधारकी मतांचा, भला माणूस. पुढे हॅरिएट वेगळं बिऱ्हाड करून राहिली, मिल तिथे जात-येत राहिला, आणि खर्च टेलर करत राहिला. लंडनमध्ये कुजबुज व्हायची ती झालीच. आपल्यात मैत्रीपलीकडे काही नव्हतं, असं मिलने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. टेलरचं नाव या गोष्टीत कुणी फारसं घेत नाही, पण तिघांत सोसलं बहुधा त्यानेच. 1849 मध्ये कॅन्सरने तो गेला, तेव्हा उशाशी हॅरिएट होती.

प्रेमात पडलेली माणसं एकमेकांना काय लिहितात? यांनी लग्नसंस्थेवर निबंध लिहिले. एकमेकांसाठी. मिल म्हणतो, स्त्रीला कमावण्याची मुभा हवी, पण तिचं मुख्य काम आयुष्य सुंदर करणं. हॅरिएट थेट मुळाशी जाते. सगळे व्यवसाय बायकांना खुले करा, आणि लग्नाचे कायदे मोडीतच काढा. दोघांत जहाल कोण, हे इथेच कळतं.

1840 च्या दशकात फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंतशी मिलचा पत्रव्यवहार चालला होता. बाई निसर्गतःच कमी, असा कोंतचा दावा. मिल वाद घालत होता, पण जरा मवाळपणे. ती पत्रं हॅरिएटच्या हाती पडली आणि तिने त्याला झाडलं. ज्या प्रश्नावर तुमचं मत पक्कं झालंय असं मी धरून चालले होते, तिथे तुम्ही अजून घुटमळताय, याचं आश्चर्य वाटतं, अशा अर्थाचं ते पत्र. लाडीगोडी नाही, आडपडदा नाही.

मिलच्या अर्थशास्त्राच्या ग्रंथातही तिचा हात दिसतो. कामगारांच्या भवितव्यावरचं प्रकरण तिच्या आग्रहाने आलं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी साम्यवादावरचा एक परिच्छेद तिला खटकला. मिलने हळूच आठवण करून दिली, बाई, तो तुमच्याच सांगण्यावरून घातला होता, जवळजवळ तुमच्याच शब्दांत! तरी मजकूर बदलला. मिल प्रेमात आंधळा झाला होता, म्हणून तिला एवढं श्रेय देतो, असं पुष्कळ अभ्यासक म्हणत आले. ही पत्रं वाचल्यावर ते पटत नाही.

1851 मध्येच स्त्रियांच्या मताधिकारावर तिचा लेख ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. निनावी. लोकांनी तो मिलचा मानला.

आता आपल्यासाठी एक अडचणीची गोष्ट. हाच मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, हिंदुस्थानातल्या संस्थानांबद्दलचे खलिते लिहीत होता. बायकोवरची हुकूमत लेखी नाकारणाऱ्या या माणसाला हिंदुस्थानावरची हुकूमत मात्र खटकली नाही.

(पडद्यावर: आविन्यों, फ्रान्स)

1858 मध्ये मिल निवृत्त झाला. दोघं दक्षिणेकडच्या उबदार हवेत निघाले, आणि वाटेत, आविन्योंच्या हॉटेलात, 3 नोव्हेंबरला हॅरिएट वारली. मिलने तिथेच, स्मशानभूमीजवळ, घर घेतलं. पुढच्याच वर्षी त्याचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक ‘ऑन लिबर्टी’ आलं, तिला अर्पण केलेलं.

तिची मुलगी हेलन आता त्याच्यासोबत काम करू लागली. 1865 मध्ये मिल खासदार झाला. 20 मे 1867 ला, स्वतःच्या एकसष्टाव्या वाढदिवशी, त्याने स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्ती संसदेत मांडली. बाजूने 73 मतं, विरोधात 196. दुरुस्ती पडली. पण 73 मिळतील असं मांडणाऱ्यांनाही वाटलं नव्हतं. खासदार म्हणून आपल्या हातून खरं मोलाचं काम झालं असेल तर ते बहुधा एवढंच, असं मिलने पुढे लिहिलं.