ठोकळा सरकतो तेव्हा

टेबलावर लाकडी ठोकळा, वस्तुमान २ किलोग्रॅम. त्याला बल मोजणारा ताणकाटा अडकवलाय आणि हात हळूहळू जोर वाढवतोय. सुई ४ न्यूटनवर, मग ५ वर, ठोकळा मात्र जागचा हलत नाही. कार्य म्हणजे बल गुणिले त्या दिशेतलं विस्थापन. इथे बल आहे पण विस्थापन नाही, म्हणून ठोकळ्यावर झालेलं कार्य शून्य. हात दमतो, हे खरं. पण ती ऊर्जा स्नायूंमध्येच खर्च होते, ठोकळ्याला त्यातलं काहीच मिळत नाही.

सुई ७ च्या पुढे गेली आणि ठोकळा सुटला. आता फक्त सुईकडे बघा. ती झटकन मागे आली! एकदा सरकायला लागल्यावर घर्षण कमी होतं. एकसारख्या वेगानं ओढत राहिलं की सुई ६ वर स्थिरावते. सरकत्या ठोकळ्यावरचं घर्षण बल आपण असं डोळ्यांनी वाचू शकतो. मुलांना सूत्र देण्याआधी हा काटा हातात द्यायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

गुरुत्वीय बल ठोकळ्याला खाली खेचतंय, टेबल त्याला तेवढ्याच बलानं वर रेटतंय. दोन्ही बलं साधारण २० न्यूटनची, इथली सगळ्यात मोठी. तरी दोघांचं कार्य शून्य, कारण ठोकळा त्यांच्या काटकोनात सरकतोय.

आता ठोकळा थांबलेला असताना पुन्हा सुरुवात, जोर १० न्यूटन. ठोकळा वेग घेतो तसा हातालाही वेग वाढवावा लागतो, नाहीतर सुई लगेच खाली येते. १ मीटर अंतरात हातानं १० ज्यूल कार्य केलं. घर्षणानं त्यातले ६ ज्यूल उष्णतेत घालवले. उरलेले ४ ज्यूल ठोकळ्याची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा, झाले, म्हणजे सेकंदाला २ मीटर वेग. हात सोडला. घर्षण एकटंच उरलं, आणि सुमारे ६७ सेंटीमीटरवर ठोकळा थांबला.

वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. वेग आणि ऊर्जेचं हे नातं अठराव्या शतकात नेदरलँड्समधल्या लायडनचे शास्त्रज्ञ ग्रावेसांडे यांनी मऊ मातीवर दाखवलं. पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मातीत सोडायचे आणि खड्डे मोजायचे. आपणही तेच करतोय. पहिला गोळा सुटला... आणि हा दुसरा, चौपट उंचीवरून. मातीवर आदळताना त्याचा वेग पहिल्याच्या दुप्पट आहे. दोन्ही खड्डे शेजारी शेजारी बघा. दुसऱ्याचं आकारमान दुप्पट नाही, जवळपास चौपट आहे! गोळा थांबेपर्यंत मातीला चौपट कार्य करावं लागलं. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, या राशीला अर्ध्यानं गुणायचं, म्हणजे ती झालेल्या कार्याशी तंतोतंत जुळते, ही मांडणी १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी रूढ केली.

ब्रेक लागलेल्या गाडीलाही हाच हिशोब लागू पडतो: वेग दुप्पट, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट.