काट्यावरचा फरक

श्रोतेहो, नमस्कार.

आमचा प्रायश्चित्तकाळ सुरू आहे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतली, आता इस्टरपर्यंत उपास, प्रार्थना आणि दानधर्म. कोल्हापुरात आम्ही कॅथलिक तसे मूठभर. इथं ख्रिस्ती म्हटलं की लोकांना १८५२ साली आलेले वायल्डर साहेब आणि त्यांच्या नावाचं चर्च आठवतं, आणि त्यात काही चूक नाही. त्यामुळे शेजारीपाजारी, अगदी माझे प्रॉटेस्टंट मित्रसुद्धा, आमच्या पापनिवेदनाबद्दल, म्हणजे फादरपुढं पापं कबूल करण्याबद्दल, दोन प्रश्न हमखास विचारतात. पाप देवाविरुद्ध केलं, तर ते फादरला कशाला सांगायचं? आणि सांगून मोकळं झालं की संपलं का सगळं?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. पुनरुत्थानानंतर प्रभू येशूनं शिष्यांवर फुंकर घातली आणि म्हटलं, पवित्र आत्मा घ्या. ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली. योहानाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात हे आहे. क्षमा देवाचीच. फादर ती उच्चारतात, म्हणजे माझ्या कानाला ती ऐकू येते. मनातल्या मनात मी स्वतःला किती वेळा माफ केलंय आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच तळमळलोय, ते मला माहीत आहे.

दुसरा प्रश्न मात्र मला लागतो. कारण त्यात मी स्वतः अडकलो होतो.

ऐन तारुण्यात मी गूळ बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होतो. सौदा झाला की गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर चढायचे, मी वजन मांडायचो आणि शेतकऱ्याची पट्टी करायचो. वजन इतकं, दर इतका, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा. राधानगरीकडचे एक शेतकरी होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पट्टीवर अंगठा उठवायचे आणि पैसे धोतराच्या सोग्यात बांधून बस धरायचे. तीन हंगाम मी त्यांच्या पट्टीवर वजन कमी लिहिलं. काट्यावरचा फरक माझ्या खिशात गेला. मालकाला पत्ता नव्हता, शेतकऱ्याला नव्हता. घरात फार नड होती असंही नाही. त्या पैशातून मी एक घड्याळ घेतलं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी नेमानं पापनिवेदन करत राहिलो. राग आला, खोटं बोललो, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवली, सगळं सांगायचो. हे एक सोडून. शरमेपोटी मुद्दाम मागं ठेवलेलं मोठं पाप बाकीचं पापनिवेदनही खोटं करतं, अशी चर्चची शिकवण आहे. संत जेरोम म्हणतात, रोग्याला वैद्यापुढं जखम उघडी करायची लाज वाटली, तर जे माहीतच नाही त्यावर औषध चालत नाही. मी दर वेळी बोटाची खरचट दाखवून छातीवरची जखम झाकत होतो.

मग माझ्या नातीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, आला. त्याआधी मुलांना पहिलं पापनिवेदन करावं लागतं. सिस्टरांनी सांगितलं होतं, आठवण राहावी म्हणून चिठ्ठीवर लिहून काढा. आठ वर्षांची पोर, पाटावर बसून लिहीत होती. तिनं मला विचारलं, आजोबा, ‘पर्समधून’ कसं लिहायचं? मी सांगितलं. तिनं लिहिलं, आईच्या पर्समधून दहा रुपये घेतले. पुढं स्वल्पविराम दिला आणि लिहिलं, परत ठेवले.

त्या रात्री मला झोप आली नाही.

गुऱ्हाळ बघितलेल्यांना माहीत असेल, रस थंड असताना त्यातली मळी दिसत नाही. काहिलीखाली जाळ लागला, भेंडीचं पाणी पडलं, की ती काळी होऊन वर येते आणि काढल्याशिवाय गूळ होत नाही. माझं त्या आठवड्यात तसंच झालं. शनिवारी जाऊन मी फादरांपुढं गुडघे टेकले आणि सगळं बोललो. वजनं, हंगाम, घड्याळ.

मला वाटलं होतं, फादर रागावतील. त्यांनी शांतपणे विचारलं, “ते गृहस्थ हयात आहेत का?” मी म्हटलं, माहीत नाही. “घर माहीत आहे?” हो. मग ते म्हणाले, “देव तुम्हाला आत्ता क्षमा करतो आहे, त्यात उधारी नाही. पण त्या माणसाचा गूळ अजून तुमच्याकडं आहे.”

माझी पळवाट तयार होती. मी म्हटलं, फादर, पैसे तुमच्याकडं देतो, तुम्ही पोचवा. नाव न सांगता परत करायची मुभा चर्च देते, आणि फादरांनी ते नाकारलंही नाही. पापनिवेदनाची मोहोर, म्हणजे गुपित राखायचं बंधन, इतकी पक्की असते की ऐकलेलं उघड करणारा फादर त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. त्यामुळं माझं नाव कुणाला कळायची भीती नव्हती. ते एवढंच म्हणाले, “मी पोचवेन. पण जमलं तर तुम्हीच जा.”

घरी येऊन मी लूककृत शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय काढला. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. ठेंगणा, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. आपल्या जिल्ह्यात उंबर म्हटलं की नरसोबाची वाडी डोळ्यांपुढं येते. म्हणून असेल, मला हा प्रसंग नेहमी नदीकाठचा वाटतो. येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, जक्कया, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. इथं मी अडखळलो. जक्कयानं तोवर एक पैसाही परत केला नव्हता, परत करीन असा शब्दही दिला नव्हता. पाहुणा आधी घरी आला. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायानं काही घेतलं असेल तर ते चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात गणनेच्या पुस्तकात घेतलेलं परत आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच सांगितलंय. चोरून विकलेल्या मेंढराला मात्र चौपट. जक्कयानं आपला हिशेब मेंढरं चोरणाऱ्याच्या दरानं लावला.

मी चौपटीपर्यंत पोचलो नाही, हे खरं सांगतो. पाचव्या हिश्शापर्यंत पोचलो. रुपयांत मोजलं असतं तर इतक्या वर्षांनी ती रक्कम हास्यास्पद झाली असती. म्हणून किलोत मोजलं. आठवून आठवून तीन हंगामांचा फरक चार क्विंटलवर गेला. बाजारात जाऊन त्या दिवसाचा दर विचारला, वर पाचवा हिस्सा घातला आणि एसटी धरली.

ते गृहस्थ वारले होते. असं असलं की वारसांना द्यायचं. वारस सापडले नाहीत तर गरिबांना. मुलगा घरी होता, माझ्यापेक्षा थोडा लहान. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, “आबा म्हणायचे, पट्टीत कायतरी हाय. आम्ही म्हणायचो, तुमचाच हिशेब चुकतोय.” मग पैसे घेतले, दोनदा मोजले, देव्हाऱ्याजवळ ठेवले. माफ केलं असं तो म्हणाला नाही. तसं म्हणायला तो माझं काही देणंही लागत नव्हता. पण माझ्यामुळं त्या म्हाताऱ्याला घरच्यांनी चुकीचं ठरवलं होतं, हे मी कुठल्या काट्यावर मोजणार होतो? ते मी पुढच्या पापनिवेदनात सांगितलं. अजूनही त्यांच्यासाठी मिस्सेत प्रार्थना करतो.

इंदूरच्या सिस्टर राणी मारिया तुम्हाला ठाऊक असतील. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंगनं त्यांचा बसमध्ये खून केला. २००२ साली त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं. ती राखी बघितली की मला झाडाखाली थांबलेला येशू आठवतो. पुढं हा समंदर सिंग माफी मागायला केरळात त्यांच्या घरापर्यंत गेला. आधी राखी, मग तो प्रवास.

आता ज्यांनी बरीच वर्षं पापनिवेदन केलेलं नाही, अशा माझ्या कॅथलिक श्रोत्यांना एक सांगायचं आहे. वर्षातून एकदा तरी गंभीर पापं कबूल करावीत, हा नियम १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेपासून आहे, तो तुम्ही लहानपणी पाठ केलेला असणार. पण नियमासाठी म्हणून जाऊ नका. नरकाच्या भीतीनं आलेला पश्चात्तापही चर्च स्वीकारतं, तेव्हा आपलं देवावरचं प्रेम पुरेसं नाही म्हणून थांबू नका. बहुतेक ठिकाणी मिस्सेच्या आधी फादर बसलेले असतात; नसले तर जाऊन विचारा, ते येतील. पश्चात्तापाची प्रार्थना विसरली असेल तर तसं सांगा. “फादर, पंधरा वर्षं झाली, कसं करायचं ते आठवत नाही,” एवढं म्हणा. पुढचं ते विचारत विचारत नेतील. आणि जी गोष्ट सांगायचीच नाही असं ठरवून तुम्ही घरातून निघाल, ती सगळ्यांत आधी सांगा.

नमस्कार.